बत्तीसाहेब

मुंबई, वसई आणि गोव्याकडील आपल्या धर्मग्रामांत ‘बोटीवर असलेला’ माणूस ही काही नवलाची गोष्ट नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याचे पांढऱ्या गणवेशातील छायाचित्र असते, कपाटात परदेशी बंदरांतून आणलेल्या चार शोभेच्या वस्तू असतात आणि नाताळच्या जेवणाला एक खुर्ची बहुधा रिकामी असते. ‘मुलगा बोटीवर कोण आहे?’ या प्रश्नाला ‘कप्तान’ असे उत्तर मिळाले की विचारणाऱ्याचे समाधान होते. ‘इंजिनियर’ म्हटले तरी लोकांना ते समजते. पण आई जर म्हणाली, ‘तो बोटीवरची वीज बघतो’, तर ऐकणारा गोंधळतो. ‘म्हणजे वायरमन का?’ असा पुढचा प्रश्न येतो, आणि त्या माउलीला काय सांगावे ते सुचत नाही.

आपल्या खलाशांनी मात्र या माणसाला एक सुरेख नाव देऊन ठेवले आहे. जहाजावर मुख्य अभियंता हा बडा साहेब, बिनतारी संदेश पाठविणारा तो मार्कोनी साहेब आणि वीज सांभाळणारा तो बत्तीसाहेब. या नावात थोडी थट्टा आहे आणि पुष्कळ आदरही आहे. जगाच्या सागरी कायद्याला मात्र या माणसासाठी स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पात्रता ठरवायला, जहाजावर पहिला विजेचा दिवा लागल्यापासून तब्बल १३० वर्षे लागली. उजेड आहे तोवर उजेड राखणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, अंधार पडला म्हणजे सारे त्याला शोधू लागतात, असाच या पेशाचा इतिहास आहे. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

तेलाच्या दिव्यांचे दिवस

शिडाच्या गलबतांवर आणि पहिल्या आगबोटींवर उजेड असे तो तेलाच्या दिव्यांचा आणि मेणबत्त्यांचा. वाती कापणे, काचा पुसणे, तेल भरणे यासाठी एक खलाशी राखून ठेवलेला असे. लाकडी जहाजावर उघडी ज्योत म्हणजे केवढे संकट, हे वेगळे सांगायला नको. समुद्रात आग लागली तर पळून जायला अंगण नसते. म्हणून बहुतेक जहाजांवर रात्री ठरलेल्या वेळी दिवे मालवीत, आणि प्रवाशाने अंधारात पडून राहावे अशी शिस्त असे.

१८७९ च्या अखेरीस अमेरिकेतील मेन्लो पार्क येथे टॉमस एडिसन यांनी आपल्या विजेच्या दिव्यांचे जाहीर प्रदर्शन मांडले. ते पाहणाऱ्यांत हेन्री व्हिलार्ड नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या कंपनीसाठी ‘कोलंबिया’ नावाची आगबोट त्या वेळी बांधली जात होती. हे दिवे आपल्या बोटीवर हवेत, असा त्यांनी आग्रह धरला. बोट बांधणाऱ्या जॉन रोच यांना हा प्रकार भरवशाचा वाटला नाही. त्यामुळे तारा ओढण्याचे आणि डायनॅमो बसविण्याचे काम एडिसन यांच्या माणसांनीच केले. १८८० च्या मे महिन्यात ‘कोलंबिया’ न्यूयॉर्कहून निघाली आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घालून पॅसिफिक किनाऱ्यावर पोहोचली.

या बोटीवर खोलीतील दिव्याची कळ प्रवाशाच्या हाती दिलेली नव्हती. ती खोलीबाहेर कुलूपबंद पेटीत असे आणि दिवा लावायचा वा मालवायचा तर नोकराला बोलवावे लागे. विजेवर अजून कोणाचा विश्वास बसला नव्हता, याची ही खूणच म्हणायची. पण प्रवास संपल्यावर मुख्य अभियंत्याने जे लिहून कळविले, ते आम्हांला फार बोलके वाटते. मंडलात ११५ दिवे आहेत, ते ४१५ तास ४५ मिनिटे चालले आणि त्यांतील एकही दिवा गेला नाही, असा तो हिशेब होता. तासांबरोबर मिनिटेही मोजणारा हा माणूस पेशाने वीजतज्ज्ञ नव्हता, पण त्याची वृत्ती मात्र खऱ्या बत्तीसाहेबाची होती. दिवा किती सुंदर दिसतो हे त्याने लिहिले नाही, तो किती वेळ टिकला एवढेच लिहिले.

विजेची किंमत

नवी विद्या नवे धोकेही घेऊन येते. ब्रिटिश आरमाराच्या ‘इन्फ्लेक्सिबल’ या युद्धनौकेवर १८८१ मध्ये विजेचे दिवे आले. तेथील डायनॅमोचा दाब ८०० व्होल्ट होता. १८८२ मध्ये याच नौकेवर विजेचा धक्का बसून एक मृत्यू झाला. ब्रिटिश आरमारात विजेने घेतलेला हा पहिला बळी मानला जातो. त्यानंतर आरमाराने दाब ८० व्होल्टपर्यंत खाली आणला. जहाज म्हणजे सर्व बाजूंनी लोखंड आणि त्या लोखंडावर सतत खारे पाणी. घामाने ओला झालेला हात तेथे विजेला हवी ती वाट आयतीच करून देतो. किनाऱ्यावरची वीज आणि दर्यावरची वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा माणसाचा जीव देऊन मिळाला.

विजेने दिलेले दानही मोठे होते. १८६९ मध्ये खुल्या झालेल्या सुवेझ कालव्यातून जहाजांना आधी केवळ दिवसाच जाता येई. सूर्य मावळला की नांगर टाकून पहाटेची वाट पाहावी लागे. १८८७ पासून विजेचा शोधदीप नाळेवर बसविलेल्या सर्व जहाजांना रात्रीही कालव्यातून जाण्याची मुभा मिळाली आणि मधला मुक्काम वाचला. युरोपातून मुंबईला येणारी टपाल आगबोट याच वाटेने येत असे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती विलायतेहून पडणारे पत्र लवकर येऊ लागले, त्यात त्या शोधदीपाचाही थोडा वाटा होता.

शेवटच्या घटकेपर्यंत

‘टायटॅनिक’ची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण त्या कथेतील दिव्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्या जहाजावर सुमारे दहा हजार दिवे होते. ४०० किलोवॅटचे चार मोठे डायनॅमो १०० व्होल्टची वीज पुरवीत, आणि वरच्या मजल्यावर ३० किलोवॅटचे दोन छोटे डायनॅमो संकटकाळासाठी ठेवलेले होते. हे सारे सांभाळणाऱ्या सहा वीजतंत्रज्ञांचा प्रमुख होता पीटर स्लोन.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगाशी टक्कर झाली आणि पहाटे २ वाजून २० मिनिटांनी जहाज बुडाले. मधल्या अडीच तासांहून अधिक काळ, अगदी अखेरच्या काही मिनिटांपर्यंत, दिवे चालू होते. हे आपोआप घडले नाही. खाली बाष्पकांतील वाफ टिकवून धरणारे होते, डायनॅमोजवळ उभे राहणारे होते. वर डेकवर लहान मुलांना आणि स्त्रियांना नावेत उतरविणाऱ्यांना पाऊल कोठे टाकावे हे दिसत होते, ते त्यांच्यामुळे. मदतीसाठी बिनतारी हाक सतत जात राहिली, तीही त्यांनी पुरविलेल्या विजेवर. ती हाक ऐकूनच ‘कार्पेथिया’ धावून आली आणि सुमारे ७०० जीव वाचले. सुमारे १,५०० गेले.

अभियंते, वीजतंत्रज्ञ आणि त्यांचे सहकारी अशा एकूण ३५ जणांपैकी एकही परतला नाही. १९१४ मध्ये साउदॅम्प्टन येथे त्यांचे स्मारक उभे राहिले. आम्हांला येथे एवढेच नोंदवावेसे वाटते की, त्या सहा जणांचे काम प्रवाशांपैकी कोणाच्या डोळ्यांसमोर घडत नव्हते. लोकांनी पाहिला तो उजेड.

आज मोठ्या जहाजांना लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत अशा रात्रींची आठवण मुरलेली दिसते. संकटकालीन जनित्र वरच्या अखंड डेकच्याही वर बसवावे, म्हणजे खाली पाणी शिरले तरी ते चालेल. मुख्य वीज गेल्यावर ४५ सेकंदांच्या आत त्याने आपणहून वीज पुरवावी. मालवाहू जहाजावर १८ तास आणि प्रवासी जहाजावर ३६ तास त्याने आवश्यक सेवा चालू ठेवाव्यात. बत्तीसाहेब ठरलेल्या वारी हे जनित्र सुरू करून पाहतो आणि नोंदवहीत सही करतो, ती या ४५ सेकंदांसाठी.

तीन दिव्यांची भाषा

दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांवर एकदिश विजेची जागा हळूहळू प्रत्यावर्ती विजेने घेतली आणि ४४० व्होल्टचा दाब सर्वत्र रूढ झाला. १९६० नंतर स्वयंचलित यंत्रणा आल्या. रात्री यंत्रघरात कोणी नसले तरी यंत्रे चालू लागली आणि काही बिघडले तर अभियंत्याच्या खोलीत घंटा वाजू लागली. सुकाणू फिरविणारे पंप, क्रेन, शीतगृहे, धोक्याच्या घंटा, पिण्याचे पाणी तयार करणारी यंत्रणा, सारे काही तारेच्या टोकाला बांधले गेले. ‘क्वीन एलिझाबेथ द्वितीय’ या विख्यात प्रवासी जहाजाची वाफेची यंत्रे १९८६-८७ मध्ये काढून तेथे डिझेलवर चालणारी जनित्रे बसविण्यात आली, आणि पंखे फिरविण्याचे काम प्रत्येकी ४४ मेगावॅटच्या दोन विद्युत मोटारींकडे आले. दिवाबत्ती करणाऱ्याच्या हाती आता जहाजाची चालच आली.

या माणसाचे नित्याचे काम कसे असते, याचे एक उदाहरण देतो. आपल्या घरी तारेतून वीज जमिनीत झिरपली की फ्यूज जातो आणि पुरवठा बंद पडतो. घरासाठी तेच योग्य आहे. जहाजावर मात्र असे चालणार नाही. अरुंद खाडीत वळण घेताना सुकाणूची वीज गेली तर जहाज खडकावर जाईल. म्हणून बहुतेक जहाजांच्या ४४० व्होल्टच्या वीजव्यवस्थेचा कोणताही भाग जहाजाच्या पोलादी अंगाशी मुद्दाम जोडलेला नसतो. तारेचे आवरण एका ठिकाणी फाटून ती पोलादाला टेकली, तरी पुरवठा चालूच राहतो.

मग दोष झाला हे कळावे कसे? मुख्य वीजफलकावर त्यासाठी तीन छोटे दिवे असतात, वीज वाहून नेणाऱ्या प्रत्येक तारेसाठी एक. सर्व ठीक असले की तिघेही सारखे जळतात. एक मंद झाला की समजावे, त्या तारेच्या वाटेवर कोठे तरी वीज झिरपते आहे. मग बत्तीसाहेब एकेक मंडल क्षणभर बंद करून पाहतो आणि मंद दिवा कोणत्या वेळी उजळतो ते शोधतो. पुष्कळदा दोष सापडतो तो भटारखान्याच्या शेगडीत, नाही तर डेकवरच्या पाणी शिरलेल्या एखाद्या दिव्यात. दोष क्षुल्लक असला तरी तो तसाच ठेवून चालत नाही, कारण दुसऱ्या तारेवर आणखी एक दोष उद्भवला की दोन्ही मिळून प्रचंड प्रवाह उसळतो, आणि त्यातून आगही लागू शकते. पहिली चूक जहाज सोसून घेते, दुसरी सोसत नाही. या दोन चुकांच्या मधला जो वेळ मिळतो, त्यातच या माणसाची सारी नोकरी सामावलेली आहे.

नाव मिळाले, तेव्हा

इतके असूनही या माणसाचे स्थान दीर्घकाळ अधांतरी राहिले. कप्तान होऊ इच्छिणाऱ्याला परीक्षा होत्या, अभियंत्यालाही होत्या. आपल्याकडे ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज १९२७ मध्ये मुंबईत सुरू झाले, सागरी अभियंत्यांसाठी शासकीय प्रशिक्षण १९४९ पासून मुंबई आणि कलकत्ता येथे आले. बत्तीसाहेबासाठी असा राजमार्ग नव्हता. तो तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन येई, गिरणीत वा गोदीत हात काळे करून येई, नाही तर नौदलाची सेवा संपवून येई. काम तो अधिकाऱ्याचे करी, पण त्याच्या पात्रतेला आंतरराष्ट्रीय नियमांत स्वतंत्र जागा नव्हती. खलाशांच्या प्रशिक्षणाचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यातही ती नव्हती. साहजिकच खर्च कमी करण्याची वेळ आली की अनेक मालकांची नजर प्रथम त्याच्यावर जाई. वीज अभियंतेच पाहून घेतील, असे म्हणून कित्येक जहाजांवरून हे पद काढून टाकले गेले.

मार्कोनी साहेबाची गोष्ट तर त्याहून चटका लावणारी आहे. उपग्रहांवर आधारलेली नवी संकटसंदेश व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली आणि बिनतारी अधिकाऱ्याची सक्ती संपली. एक सबंध पेशा अस्तास गेला. त्यांतील काही जणांनी नव्याने शिकून विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचे काम पत्करले. एका साहेबाने दुसऱ्या साहेबाच्या खोलीत बिऱ्हाड केले, असेच म्हणा ना!

अखेर जून २०१० मध्ये मनिला येथे भरलेल्या परिषदेत १९७८ च्या करारात दुरुस्त्या झाल्या आणि ‘विद्युत-तंत्र अधिकारी’ या पदाची पात्रता प्रथमच ठरली. १ जानेवारी २०१२ पासून ती अमलात आली. कार्यशाळेतील प्रशिक्षण आणि समुद्रावरील सेवा मिळून किमान १२ महिने, त्यांत निदान ६ महिने प्रत्यक्ष समुद्रावर, हा त्यातील एक मार्ग. भारतातही नौवहन महासंचालनालयाने त्यानुसार अभ्यासक्रम आणि परीक्षा सुरू केल्या. आता विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकी शिकलेली मुले आणि मुलीही या वाटेने जाऊ शकतात. तरी एक उणीव राहिलीच. असा अधिकारी कसा असावा हे या नियमांनी ठरविले, पण प्रत्येक जहाजावर तो असलाच पाहिजे, असे त्यांनी म्हटले नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या बदलाला आणखी एक अर्थ आहे. ब्रिटिश कंपन्यांच्या प्रवासी जहाजांवर गोमंतकीय ख्रिस्ती तरुण प्रामुख्याने भटारखान्यात, भोजनगृहात आणि प्रवाशांच्या खोल्यांवर राबत. मुंबईच्या धोबीतलावाकडील आपापल्या गावाच्या कुडांत ते पुढच्या बोटीची वाट पाहत राहत. त्या तारवटींच्या कष्टांवर घरे उभी राहिली, मुले शिकली. त्यांच्या नातवंडांपैकी कोणी आज वीजफलकासमोर उभे राहत असेल, तर त्या कुडांतल्या पत्र्याच्या ट्रंकांनाही त्याचे श्रेय आहे.

एका तारेची कथा

इतिहास संपला असे वाटत असतानाच २६ मार्च २०२४ ची रात्र उजाडली. अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून ‘डाली’ नावाचे सुमारे ३०० मीटर लांबीचे कंटेनर जहाज कोलंबोकडे निघाले होते. त्यावरील बहुतेक कर्मचारी भारतीय होते. फ्रान्सिस स्कॉट की पूल अगदी जवळ आला असताना जहाजावरील वीज गेली. खाली असलेल्यांनी ती परत आणली, पण ती पुन्हा गेली. इंजिन थांबले आणि जहाज पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळला. पायलटांनी वेळीच दिलेल्या इशाऱ्यामुळे पोलिसांनी पुलावरील वाहतूक अडविली होती, अन्यथा किती जीव गेले असते याची कल्पना करवत नाही. पण पुलावर रात्रपाळीत रस्त्याचे खड्डे बुजवीत असलेले सहा मजूर मरण पावले. तेही पोटासाठी परमुलखात आलेलेच होते. लॅटिन अमेरिकेतील आपापल्या घरांपासून दूर, दुसऱ्यांचा रस्ता नीट करीत असताना त्यांना मृत्यूने गाठले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दीड वर्षाहून अधिक काळ चौकशी केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष वाचून आम्ही थक्क झालो. पहिल्या अंधाराचे मूळ होते एक सैल तार. तारेच्या टोकाशी ओळखीसाठी नावाची पट्टी बसवितात, ती पट्टी योग्य जागी बसविलेली नव्हती. तिच्यामुळे तारेचे टोक जोडणीच्या खाचेत पूर्ण शिरू शकले नाही. पुढे ती जोडणी सुटली, सर्किट ब्रेकर उघडला आणि जहाज अंधारात बुडाले. जहाजावर अशा हजारो तारा असतात, आणि त्यांतल्या एकीची पट्टी जराशी पुढे सरकलेली होती.

ही गोष्ट सांगताना कोणावर दोषारोप करण्याचा आमचा हेतू नाही. अपघातानंतर ते कर्मचारी अनेक आठवडे त्याच जहाजावर अडकून राहिले. त्यांच्या घरीही आया होत्या आणि त्यांनीही त्या रात्री देवापुढे हात जोडले असतील. आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच की, ‘कोलंबिया’च्या अभियंत्याने मिनिटे मोजली ती उगाच नव्हे. मोठ्या संकटाची सुरुवात क्वचितच मोठ्या गोष्टीपासून होते. जी खाच सहसा कोणी उघडून पाहत नाही, तेथे कोणा एकाला तरी पाहावे लागते. ते पाहणे हे हलके काम नाही. त्यासाठी माणूस नेमणे हा वायफळ खर्चही नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी आपल्या धर्मग्रामातील एखादा बत्तीसाहेब सुट्टीवर घरी आलेला दिसला, तर त्याला पगार किती डॉलर मिळतो हे विचारू नका. वीजफलकावरच्या त्या तीन दिव्यांबद्दल विचारा. एक दिवा मंद झाला म्हणून तो रात्री किती वेळा उठला, हे विचारा. तो प्रथम संकोचेल, कारण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नसेल. मग तो बोलू लागेल. शेजारी बसलेल्या त्याच्या आईलाही, आपला मुलगा बोटीवर कोण आहे, हे तेव्हा प्रथमच नीट समजेल.